तुला ऐकलं होतं

म्हैसूरला नोकरीवर रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात स्पृहाची फजिती झाली. कँटीन सापडेना म्हणून तिने ऑफिसातल्या नीलला विचारलं, तर तो जिन्यावरून धावता धावता म्हणाला, "सिक्युरिटीला ऐक की!" स्पृहा पडली मिरजेची, सरळ मुलगी. ती जाऊन सिक्युरिटीच्या टेबलासमोर उभी राहिली आणि तो काय सांगतो ते ऐकू लागली. तो बिचारा काय सांगणार? त्याने "एनु मेडम?" म्हणून पाहिलं, मग पाण्याची बाटली पुढे केली, मग दुसऱ्या गार्डला हाक मारली. शेवटी नीलच परत आला आणि काचेच्या दाराला टेकून पोट धरून हसला.

नीलच्या घराण्याला म्हैसुरात किती पिढ्या झाल्या हे घराण्यालाही ठाऊक नव्हतं. घरात मराठी बोलत, पण त्या मराठीत कानडी अशी विरघळली होती की काढू म्हटलं तरी निघाली नसती. कानडीत विचारायला आणि ऐकायला क्रियापद एकच. मग या मंडळींनी मराठीतही एकातच भागवलं. 'विचारणे' त्यांच्याकडे कुणी वापरतच नसे. रिक्षावाल्याला भाडं ऐकायचं, डॉक्टरला औषध ऐकायचं, शेजारणीला विरजण ऐकायचं. नीलचे वडील गंगाधरराव हयातभर सरकारी कचेरीत होते. ते अभिमानाने सांगत, "साहेब सगळं मला ऐकूनच करायचा." नव्या माणसाला वाटे, काय साहेब होता, हाताखालच्याचं ऐकायचा! साहेब नुसताच विचारायचा.

ही गंमत स्पृहाला फार आवडली. म्हैसूरच्याच हेब्बाळ भागातल्या त्या कंपनीत मराठी बोलणारी माणसं दोनच, ती आणि नील, आणि त्या दोघांची मराठीही दोन. दोघांच्या मध्ये हा एक शब्द खेळण्यासारखा पडून असायचा. "तुला एक ऐकू?" तो म्हणायचा. "ऐक ना, पण आधी मला बोलू दे," ती म्हणायची. दर वेळी हाच विनोद आणि दर वेळी दोघं हसायची. आता यात एवढं हसण्यासारखं काय होतं, असं कुणी विचारील. परक्या गावात आपल्या भाषेत हसायला मिळतं, एवढंच.

स्पृहाचं कामही ऐकण्याचंच होतं. परदेशातल्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायचं, त्यांना काय हवंय ते त्यांच्या अर्धवट वाक्यांतून काढायचं आणि नीलसारख्या प्रोग्रामरांना समजेल असं लिहून द्यायचं. यात ती वाकबगार होती. बोलणाऱ्याने गिळलेला शब्दही तिला सापडायचा. आणि उरलेल्या वेळात तिच्या कानात गाणी असत. मिरजेची म्हटलं की लोक विचारत, गाता का? ती म्हणे, मिरजेत कुणी ऐकायलाही नको का?

त्या ऐकण्यातूनच 'कानोसा' निघाला. वर्ष संपताना गाण्यांचं अ‍ॅप प्रत्येकाला त्याचा हिशेब रंगीबेरंगी पाट्यांवर दाखवतं, तुमचं आवडतं गाणं हे, आवडता गायक तो. स्पृहाला तो हिशेब बघून रागच आला. "हे म्हणजे माणूस वर्षभर काय जेवला ते विचारलं तर 'भात' म्हणून सांगण्यासारखं आहे," ती नीलला म्हणाली. "कधी ऐकलं, कसं ऐकलं, अर्ध्यात का बंद केलं, हे कुठाय?"

"मग आपणच करू की," नील म्हणाला. "सुम्मने दोन शनिवारचं काम."

सुम्मने म्हणजे उगीच, सहज. दोन शनिवारांचे किती शनिवार झाले ते मोजण्यात अर्थ नाही. सरस्वतीपुरमला नीलच्या घरी माडीवरच्या खोलीत दोघं लॅपटॉप समोरासमोर मांडून बसत. चित्र स्पृहाने योजलं होतं. दिवस म्हणजे एक वर्तुळ, घड्याळासारखं. पहाटेची गाणी एका बाजूला, संध्याकाळची दुसऱ्या. प्रत्येक गाणं एक ठिपका. महिना सरला की बाहेर नवं कडं. वर्ष भरलं की कापलेल्या ओंडक्यावर दिसतात तशी वलयं. ते सगळं 'कानोसा' नावाच्या वेबपानावर जिवंत करायचं काम नीलचं, आणि तो होताही हुशार. खालून सरोजिनीकाकू, म्हणजे त्याची आई, हाक मारायच्या, "ऊट तयार आहे, बेग या!" मग जेवायला हुळी-भात, म्हणजे आंबट आमटी-भात, वर साजूक तूप, आणि काकूंचा तिसराच मराठी-कानडी काला. स्पृहा त्या घरची झाली होती असं म्हटलं तर चूक नाही. काकू तिला न विचारता ताक वाढत.

मग त्यांनी पानात एक छोटा प्लेअर बसवला. आवाज किती ठेवला आणि डाव्या-उजव्या कानात त्याची वाटणी कशी केली, हेही तो नोंदू लागला. डाव्याला निळा रंग, उजव्याला शेंदरी. नीलच्या वलयांत दोन्ही रंग जोडीने चालत. स्पृहाच्या वलयांत मात्र निळा दर महिन्याला फुगत गेला. आतल्या कड्यात बारीक रेघ, बाहेरच्या कड्यात चांगला बोटभर पट्टा.

"बग आहे," नील म्हणाला.

"बगच असणार," स्पृहा म्हणाली.

दोघं तो बग, म्हणजे प्रोग्राममधली ती चूक, शोधू लागली. नीलने प्लेअर उसवून पुन्हा शिवला. स्वतःच्या कानांवर तपासला, गंगाधररावांच्या कानांवर तपासला, सगळं ठीक. शेवटी एका शनिवारी त्याने नुसता डावा इयरफोन स्पृहाच्या कानात घातला आणि लॅपटॉपकडे वळला. स्पृहा वाट पाहत बसली.

"लाव ना," ती म्हणाली.

नीलने वळून तिच्याकडे पाहिलं. "लावलंय गं," तो म्हणाला. "केव्हाचं."

बग कुठे होता ते दोघांनाही कळलं.

डॉक्टरांनी सांगितलं, कानातलं एक इवलंसं हाड घट्ट होत चाललंय. डावा कान हळूहळू जाणार, उजवा अजून उत्तम आहे. पुढे मशीन लावता येईल, ऑपरेशनही होतं, घाबरायचं कारण नाही. डॉक्टरांचं असंच असतं, घाबरायचं कारण पुढ्यात मांडायचं आणि घाबरू नका म्हणायचं. स्पृहा घाबरली. जिची भाकरी ऐकण्यावर, तिचा कान जातोय असं कळल्यावर गिऱ्हाईक आणि साहेब काय करतात हे तिला सांगायला नको होतं. उजव्या कानाने ती फोन छान घेत होती. तिचं काम कुठेही अडत नव्हतं. पण अडत नाही हे माहीत असलेले लोकही, एकदा कळलं की, अडेल म्हणून आधीच बाजूला काढतात.

"कुणाला कळता कामा नये," दवाखान्याच्या पायरीवर ती म्हणाली. "योग्य वेळी मीच सांगेन. तोवर तुझ्या-माझ्यात."

"आईला पण नाही सांगत," नील म्हणाला. "गळ्याची शपथ."

आणि दुसऱ्या दिवसापासून एक गोष्ट झाली. नील तिच्या उजवीकडून चालू लागला. कुणी सांगितलं नव्हतं. कँटीनमध्ये तो तिच्या उजव्या हाताची खुर्ची धरायचा. रस्ता ओलांडून बाजू बदलली तर बोलता बोलता मागून वळसा घालून पुन्हा उजवीकडे यायचा. बैलकुप्प्याला तिबेटी मठ बघायला गेली होती दोघं, तेव्हा त्या गर्दीत, घंटांच्या आणि मंत्रांच्या घुमण्यात, त्याने एकदाही बाजू चुकवली नाही. बोलला नाही, दाखवलं नाही, उपकार केल्याचा आव आणला नाही. आता सांगा, एखाद्या मुलीने अशा माणसाबद्दल काय समजावं? तिने तेच समजलं.

काकूंनीही तेच समजलं होतं. एकदा शेंगा सोलता सोलता त्या म्हणाल्या, "नील तुला कायतरी ऐकणार आहे म्हणे. ऐकला का गं तो?"

स्पृहाच्या हातातली शेंग तशीच राहिली. "नाही काकू. अजून नाही."

"ऐकतो, ऐकतो. स्वल्प भित्रा आहे. बापासारखा."

तेव्हापासून स्पृहा त्या ऐकण्याची वाट पाहू लागली. म्हणजे विचारण्याची. घरी मिरजेला फोनवर आई स्थळांची नावं घेई तेव्हा ही "बघू" म्हणून विषय टाळी, आणि आईला त्या "बघू"चा अर्थ लागू नये म्हणून लगेच हवापाणी काढी.

कंपनीत वर्षातून एकदा लोकांनी फावल्या वेळात केलेल्या गोष्टींचं प्रदर्शन भरे. निवडलेल्या एकाला कंपनी स्वतःची टीम देई. नील दोनदा उभा राहिला होता आणि दोन्ही वेळा लोकांनी जांभया दिल्या होत्या. या खेपेला त्याने 'कानोसा'चं नाव नोंदवलं. स्पृहा आनंदाने हो म्हणाली, एक अट घालून. "माझी वलयं सोडून काहीही दाखव. तुझी दाखव, बाबांची दाखव."

विभागाच्या मुख्य अनुषामॅडम. त्यांनी रंगीत तालीम बघितली आणि म्हणाल्या, वर्तुळं सुरेख आहेत, पण अशी वर्तुळं सगळेच काढतात. यात गोष्ट काय आहे? नीलने हे स्पृहाला सांगितलं तेव्हा तो हसत होता, पण चेहरा उतरलेला होता. गंगाधररावांची वलयं म्हणजे सकाळी भक्तिगीतं आणि दुपारी झोप. त्यात कुठली गोष्ट?

त्याच आठवड्यात शनिवारी संध्याकाळी तो म्हणाला, कुक्करहळ्ळीच्या तळ्यावर जाऊ. नेहमीप्रमाणे दोघं बांधावरून चालली. नेहमीप्रमाणे तो उजवीकडे होता. मग एका बाकाशी ती थांबून बसली, आणि तो तिच्या डावीकडे बसला.

स्पृहाच्या लक्षात आलं. येणारच. पण बाकाच्या उजव्या टोकावर पाखरांनी घाण केली होती, म्हणून बसला असेल, असं तिने मनाशी म्हटलं. आपल्याला एखादा माणूस हवासा झाला की आपण त्याच्या वतीने कारणं शोधून देतो, फुकट. शिवाय तिचं हृदय असं धडधडत होतं की बाजू मोजायला जागाच नव्हती. नील पाण्याकडे तोंड करून बोलू लागला. मागून रस्त्याची वर्दळ, पुढून बगळ्यांचा कलकलाट. तिला दोनच तुकडे मिळाले. एक, "बरेच दिवस ऐकायचं होतं तुला." आणि शेवटचा, "नको म्हणू नको."

मधलं सगळं तळ्यात गेलं.

उजवीकडे ये आणि पुन्हा सांग, असं ती म्हणू शकली असती. पण भित्र्या माणसाने जीव गोळा करून एकदा विचारलेलं पुन्हा विचारायला कसं लावायचं? आणि पुन्हा विचारायला लावलं की त्या क्षणात तिचा कान मध्ये येणार. तो क्षण तिला कानाशिवाय हवा होता. ती म्हणाली, "हो."

नील गर्रकन वळला. आता त्याचं तोंड समोर होतं आणि आवाज स्पष्ट. "नक्की?"

"नक्की."

त्याने मोठ्ठा सुस्कारा सोडला, तिचा हात घट्ट दाबला आणि "थँक्यू गं" म्हणाला. थँक्यू हे जरा विचित्र वाटलं तिला. पण म्हैसूरचे लोक असेच, असं म्हणून तिने तेही सोडून दिलं. घरी जाताना स्कूटरवर हेल्मेटच्या आत ती एकटीच हसत होती.

पुढचे दिवस तो तयारीत बुडालेला होता. स्पृहा समजून होती. आधी प्रदर्शन होऊ दे, मग काकूंना सांगू, मग मिरजेला. तिने मनातल्या मनात आईला कसं सांगायचं त्याची वाक्यंही जुळवली. 'कानडी नाहीत गं, मराठीच आहेत, फक्त जरा ऐकतात जास्त.'

प्रदर्शनाच्या दिवशी तिने इरकली साडी नेसली. सभागृह गच्च भरलं होतं. ती डाव्या कडेला बसली, म्हणजे उजवा कान मंचाकडे. तिच्या डावीकडे, अगदी कडेच्या खुर्चीवर, तिच्याच टीममधली सहाना. नील मंचावर आला. गंगाधररावांची वलयं दाखवली, लोक हसले. मग तो थांबला आणि इंग्रजीत म्हणाला की आता एक गोष्ट सांगतो. भिंतीएवढ्या पडद्यावर निळी-शेंदरी वलयं उमलली.

स्पृहाला ती ओळखायला क्षणही लागला नाही. तिनेच त्यांचे रंग निवडले होते.

नील छान बोलला. खरंच छान बोलला, आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचं, सगळं जमवून. एक तरुणी होती, तो म्हणाला. तिला वाटायचं आपण गाणी ऐकतोय. पण गाणी तिला ऐकत होती. बघा हा निळा पट्टा. आम्हाला वाटलं बग आहे. मग एक दिवस मी तिच्या कानात इयरफोन घातला. 'लाव ना,' ती म्हणाली. 'लावलंय,' मी म्हणालो. सभागृहात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. इतरांना. तिचं नाव अर्थातच सांगणार नाही, असं म्हणून त्याने हात छातीवर ठेवला.

नाव नव्हतंच. पण ठिपक्यांखाली गाण्यांची नावं तशीच राहिली होती, मराठीत, ठळक. त्या सभागृहात मराठी गाणी ऐकणारी माणसं दोन होती आणि त्यातला एक मंचावर होता.

माना वळू लागल्या. आधी एक, मग ओळच्या ओळ. डावीकडून सहाना काहीतरी बोलली. स्पृहाला कळलं नाही. तिने वळून "काय?" म्हटलं, तेव्हा सहानाने तोंडावर हात नेला होता. टाळ्या मात्र खूप वाजल्या. लोक उभे राहून वाजवत होते.

सोमवारपासून सगळे प्रेमाने वागू लागले. त्या प्रेमाने ती हैराण झाली. लिफ्टमध्ये लोक तिच्याशी ओरडून बोलत, एकेक शब्द सुटा करून. कुणी उजवीकडे येण्यासाठी तिला गोल प्रदक्षिणा घाली आणि येऊन पोचल्यावर विजयी हसे. अनुषामॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की गिऱ्हाइकांचे फोन तूर्त सहाना घेईल. "फक्त तूर्त. तुझ्यावर ताण नको." स्पृहाने सांगून पाहिलं की आपला एकही फोन आजवर चुकलेला नाही. मॅडमनी ते मान हलवत ऐकून घेतलं. ऐकून घेणं आणि ऐकणं यांत फरक असतो, तो मराठीतही आहे.

'कानोसा' निवडला गेला. नीलला टीम मिळाली. त्याने स्पृहाला संदेशांवर संदेश पाठवले, फुलं पाठवली, टीममध्ये ये म्हणून सांगितलं. तिने उत्तर दिलं नाही. शनिवारी मात्र ती सरस्वतीपुरमला गेली. तिला समोरासमोर विचारायचं होतं, आपल्या मराठीत.

दार काकूंनी उघडलं. "स्पृहाऽ! येऽ गंऽ! ऊट झालं काऽ?" त्या गच्चीवरच्या माणसाला हाक मारावी तशा ओरडल्या. त्यांनाही कळलं होतं तर. कळून त्यांचा जीव तुटत होता हेही दिसत होतं. पण या घरात आजवर तिच्याशी कुणी ओरडून बोललं नव्हतं. तिचे डोळे तिथेच भरले.

नील माडीवर होता. तिला बघून उठला आणि सवयीने वळसा घालून तिच्या उजवीकडे आला.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "माझी वलयं सोडून."

"पण नंतर ऐकलं होतं की तुला!" तो कळवळून म्हणाला. "सुम्मने कसं दाखवेन? तळ्यावर ऐकलं होतं. सगळं सांगितलं, नाव नाही घालत, फक्त गोष्ट सांगतो, नको म्हणू नको. तू हो म्हटलीस. मी परत ऐकलं, नक्की का म्हणून. नक्की म्हटलीस. हौदु का नाही? खरं का नाही?"

खोलीत पंखा फिरत होता. स्पृहा खुर्चीवर बसली. म्हणजे त्या संध्याकाळी हे विचारलं होतं. आणि आपण कशाला हो म्हणून आलो, हेल्मेटमध्ये काय हसत आलो, इरकली काय नेसलो! मिरजेला सांगायची वाक्यं आठवून तिला स्वतःचीच अशी शरम वाटली की कानशिलं तापली. आधी तिला वाटलं, चूक आपलीच. ऐकू आलं नाही तर सांगायचं होतं. क्षणभर तिने त्याला माफही करून टाकलं. मग तिला तो बाक आठवला.

"नील," ती म्हणाली, "कुठे बसून विचारलंस?"

"बाकावर."

"माझ्या कुठल्या बाजूला?"

नीलने टेबलावरची पेन्सिल उचलली, ठेवली.

"आता लक्षात नाही गं."

लक्षात नाही! बैलकुप्प्याच्या गर्दीत ज्याची बाजू चुकली नाही, भर रस्त्यात गाड्यांच्या मागून वळसा घालून जो उजवीकडे यायचा, आत्ता या घटकेलाही जो उजवीकडे उभा होता, त्याच्या लक्षात नाही. स्पृहा त्याच्याकडे बघत राहिली. पाखरांची घाण तिने त्याच्यासाठी शोधली होती. त्याला ती शोधायचीही गरज पडली नव्हती. वरवर पाहता त्याने शब्द पाळला होता, विचारलंही होतं. फक्त कुठल्या दारावर थाप मारली तर आतून कुणी येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. आणि ते दार तिनेच त्याला दाखवलं होतं, दवाखान्याच्या पायरीवर, विश्वासाने.

"उजवीकडून का नाही विचारलंस?"

त्याने पेन्सिल पुन्हा उचलली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "नाही म्हटली असतीस तू."

हे मात्र तिला स्वच्छ ऐकू आलं. उजवा कान उत्तम होता.

खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. नोकरीचं काय, आज ना उद्या तिने तेही निभावलं असतं. पण वर्षभर कुणी आपल्या कानाची काळजी घेतंय म्हणून ती ज्याच्याकडे वळली होती, त्याने तो कान नीट शिकून घेतला होता, आणि वेळ आली तेव्हा वापरला. त्या एका संध्याकाळीने मागचे सगळे उजवीकडचे दिवस डागाळले. ती रडली नाही. रडायचं होतं, पण याच्यासमोर नको होतं.

"स्पृहा," नील म्हणाला. त्याचा आवाज आता खरोखर कापत होता. "चुकलं माझं. पण आणखी एक ऐकायचंय तुला. ते टीमचं नाही, कशाचं नाही. फार दिवसांचं आहे. आईला गोत्तु आहे, सगळं ठाऊक आहे. ऐकू का?"

स्पृहाने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग ती उठली, खुर्ची उचलली आणि फिरवून ठेवली. आता तोंड खिडकीकडे आणि डावा कान त्याच्याकडे. बसली आणि उजव्या कानावर तळहात ठेवला.

"ऐक," ती म्हणाली.

खिडकीबाहेर समोरच्या घरात कुणीतरी गादी वाळत घालत होतं. स्पृहा ती गादी बघत राहिली. डावीकडे नील बोलत असावा. खुर्चीचा हात त्याने धरला होता, तो बोलण्याबरोबर हलत होता. तो बराच वेळ बोलला असावा, कारण गादी घालणारी बाई आत जाऊन उशा घेऊन आली. मग खुर्ची हलायची थांबली. स्पृहाने कानावरचा हात काढला, उठली, आपली पिशवी घेतली आणि त्याच्याकडे न बघता जिना उतरली.

खाली काकू हातात ताकाचा पेला घेऊन उभ्या होत्या. माडीवर काय चाललंय याचा अंदाज त्यांनी आपल्या परीने बांधला होता आणि तोंडभर हसू होतं. त्या अगदी जवळ आल्या, उजव्या कानाशी, आणि या खेपेला ओरडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "ऐकला का गं तो?"

स्पृहाने त्यांच्या हातातला पेला घेतला, उभ्यानेच संपवला आणि परत त्यांच्या हातात दिला.

"नाही काकू," ती म्हणाली. "नाही ऐकलं."